चौथ्या खेळीला घोडा जी५: दोन घोड्यांच्या बचावातला धारदार डाव दोन्ही बाजूंनी कसा खेळावा

क्लबात किंवा शनिवार-रविवारच्या रॅपिड स्पर्धेत हौशी खेळाडूंचे डाव पाहिले, तर वीस खेळ्यांच्या आत निकाली निघणाऱ्या डावांत एक सुरुवात वारंवार दिसते. पांढरा राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवतो, घोडा आणि उंट बाहेर काढतो आणि चौथ्या खेळीलाच घोडा जी५वर नेऊन एफ७च्या प्याद्यावर नेम धरतो. काळ्याने पुढच्या दोन खेळ्या नुसत्या सवयीने केल्या की त्याचा राजा पटाच्या मधोमध उघडा पडतो. याच सुरुवातीत काळ्याने नेमकी वाट धरली, तर एक प्यादे गमावूनही डावाचा ताबा त्याच्याकडे जातो आणि पांढऱ्याला पुढच्या दहा खेळ्या मागे सरकण्यात घालवाव्या लागतात. या डावाची खेळीमागून खेळी चिकित्सा येथे केली आहे. साधारण बाराशे ते सोळाशे रेटिंगच्या खेळाडूने पट मांडून, सोंगट्या हाताने हलवत ती वाचावी, अशी अपेक्षा आहे.

खेळ्या लिहिण्याची पद्धत आधी ठरवून घेऊ. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून स्तंभांना ए ते एच ही नावे आणि पांढऱ्याच्या बाजूने ओळींना १ ते ८ हे आकडे आहेत. रा, व, ह, उं, घो ही मोहऱ्यांची आद्याक्षरे असून ज्या खेळीपूर्वी अक्षर नाही ती प्याद्याची समजावी. गुणाकाराचे चिन्ह म्हणजे मारणे, अधिकचे चिन्ह म्हणजे शह आणि आकड्यानंतर तीन टिंबे असली तर ती खेळी काळ्याची.

सुरुवात अशी होते: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६. यालाच दोन घोड्यांचा बचाव म्हणतात. काळ्याने तिसऱ्या खेळीला उंट सी५वर काढला असता तर शांत इटालियन डाव झाला असता. घोडा एफ६वर आणून त्याने ई४च्या प्याद्यावर हल्ला केला खरा, पण त्याच वेळी जी५ या घरावरची त्याच्या वजिराची नजर अडली. म्हणून पांढरा ४. घो-जी५ खेळू शकतो. एकच मोहरे सुरुवातीला दोनदा हलवू नये हा आपल्याला शिकवलेला नियम ही खेळी मोडते आणि याच कारणासाठी जर्मन ग्रँडमास्टर टाराश याने तिला कच्च्या खेळाडूची खेळी ठरवले होते. त्याचा आक्षेप तत्त्वाला धरून असला, तरी पटावरची वस्तुस्थिती वेगळी आहे. एफ७वर आता घोडा आणि उंट असे दोन मोहरे रोखलेले आहेत, तर त्याचे रक्षण एकटा राजा करतो आहे. घोडा एफ७वर बसला की डी८चा वजीर आणि एच८चा हत्ती एकाच वेळी त्याच्या तडाख्यात येतात.

काळ्यापुढे खऱ्या अर्थाने दोनच मार्ग आहेत. पहिला ४...डी५, ज्याने उंटाचा तिरका रस्ता बंद होतो. दुसरा ४...उं-सी५ ही ट्रॅक्सलरची खेळी, जिच्याकडे नंतर वळू. काही जण ४...घो×ई४ खेळतात आणि ५. घो×ई४ नंतर डी५ करून प्याद्याने उंट व घोडा एकदम कात्रीत धरण्याची आशा बाळगतात, परंतु पांढऱ्याने ५. उं×एफ७+ रा-ई७ ६. डी४ असा साधा क्रम पकडला की काळ्याचा राजा कायमचा मध्यभागी अडकतो.

४...डी५ नंतर ५. ई×डी५ हीच योग्य खेळी आहे. येथे उंटाने डी५ मारण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र ५. उं×डी५ घो×डी५ ६. ई×डी५ झाल्यावर एफ६चे घर रिकामे झालेले असते आणि काळ्याचा वजीर थेट जी५वरचा घोडा उचलतो. पांढरा ७. डी×सी६ करून घोडा परत मिळवतो, पण वजीर जी२वर पोहोचून एच१च्या हत्तीवर बसतो आणि हल्ला उलटतो. या सुरुवातीत मारामारीचा क्रम बदलला की निकाल बदलतो. म्हणून मारण्यापूर्वी कोणत्या मोहऱ्याने मारायचे आणि मारल्यावर कोणाचा रस्ता मोकळा होणार, हे दोन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

आता डावातला सर्वांत महत्त्वाचा क्षण येतो. काळ्याची पाचवी खेळी.

सहज हाताला येणारी खेळी म्हणजे ५...घो×डी५. प्यादे परत मिळाले, घोडा मध्यभागी बसला, सारे काही पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झाले असे वाटते. पण पांढरा ६. घो×एफ७ असा बळी देतो आणि ६...रा×एफ७ ७. व-एफ३+ या शहाने डी५चा घोडा व एफ७चा राजा दोघांनाही एकाच वेळी धरतो. इटलीच्या पोलेरियो याने सुमारे १६१०मध्ये रोम येथे हाच हल्ला खेळल्याची नोंद आहे. इंग्रजीत त्याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात आणि आपल्याकडचे खेळाडूही तेच नाव वापरतात.

सातव्या खेळीनंतरची स्थिती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण हौशी डावांत काळा बहुधा येथेच कोसळतो. घाबरलेला खेळाडू राजा मागे नेतो: ७...रा-जी८. त्यावर ८. उं×डी५+ आणि आता काळ्याने ८...व×डी५ खेळले तर ९. व×डी५+ उं-ई६ १०. व×ई६ मात. वजिराऐवजी ८...उं-ई६ मध्ये घातला तर ९. उं×ई६ हीसुद्धा मातच आहे. राजाच्या भोवती एफ८वर स्वतःचा उंट, एच८वर स्वतःचा हत्ती, जी७ व एच७वर स्वतःची प्यादी असल्याने त्याला हलायला घर उरत नाही. राजा ई८वर नेला तर पांढरा उंटाने डी५चा घोडा घेतो आणि पुढच्या खेळीला वजीर एफ७वर मात देणार असतो. ती टाळण्यात एक खेळी खर्च होते आणि काळा एक प्यादे कमी, किल्लेकोटाचा हक्क गेलेला, अशा अवस्थेत उरतो. ७...व-एफ६ खेळून वजिराआड लपले तरी ८. उं×डी५+ने मोहरे शहासह परत मिळते. म्हणजे डावात राहायचे असेल तर काळ्याला ७...रा-ई६ हीच खेळी करावी लागते. राजाला सहाव्या ओळीत, शत्रूच्या तोफांसमोर उभे करणे मनाला पटत नाही. तरीही घोडा वाचवणारी खेळी तीच.

पांढऱ्याने येथे शह देत सुटू नये. योग्य खेळी ८. घो-सी३ आहे. डी५वर आता उंट, वजीर आणि घोडा असे तीन हल्लेखोर झाले. काळ्याकडे राजा आणि वजीर असे दोनच रक्षक आहेत, त्यामुळे सी६च्या घोड्याला तिसरा रक्षक म्हणून यावेच लागते. तो ई७वर किंवा बी४वर येऊ शकतो.

घोडा ई७वर आला तर पांढऱ्याने ९. डी४ खेळून मध्य फोडावा. ९...सी६ने डी५ला आणखी आधार मिळतो आणि मग १०. उं-जी५ने ई७चा घोडा वजिरापुढे जखडला जातो. पोलेरियोचा डाव याच वाटेने गेला होता. त्याने मोठ्या, म्हणजे वजिराच्या बाजूला किल्लेकोट करून डी स्तंभावर हत्ती आणला आणि शेवटी डी५वर घोड्याचाही बळी देऊन राजाला उघड्यावर गाठले. घोडा बी४वर आला तर तो सी२वर शहासह शिरण्याची धमकी देतो आणि त्याच वेळी डी५ राखतो. पांढऱ्याने ९. व-ई४ खेळावे, म्हणजे वजीर सी२ सांभाळतो, ई५वर दाब ठेवतो आणि डी५वरची नजरही कायम राहते. पुढे ९...सी६ १०. ए३ घो-ए६ ११. डी४ असा क्रम चालतो. क्लबातले खेळाडू येथे ९. ए३ घो×सी२+ १०. रा-डी१ ही अधिक रोमांचक वाट धरतात. लोभाने काळ्याने ए१चा हत्ती घेतला, तर ११. घो×डी५ होऊन त्या घोड्याच्या हालचालीने दुहेरी शहाची टांगती तलवार राजावर राहते. त्याऐवजी १०...घो-डी४ केले, तर ११. उं×डी५+ रा-डी६ १२. व-एफ७ ही शांत खेळी विसरू नये, कारण तिच्यामागे घोडा ई४वर थेट मात असते. सी५ घोडा अडवतो, सी६ व ई६ उंट अडवतो, सातवी ओळ वजीर अडवतो आणि ई५वर काळ्याचे स्वतःचेच प्यादे उभे असते. ही जाळी पटावर मांडून एकेक घर बोटाने मोजावे. राजा मध्यभागी असताना मात कशी बांधली जाते, हे समजायला यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

पांढऱ्याला आणखी एक हत्यार उपलब्ध आहे आणि माझ्या मते हौशी खेळाडूने तेही तयार ठेवावे. ५...घो×डी५ नंतर लगेच बळी न देता ६. डी४ खेळायचे. अठराव्या शतकातील इटालियन लेखक लॉली याच्या नावाने हा हल्ला ओळखला जातो. ६...ई×डी४ ७. किल्लेकोट झाला की ई स्तंभ उघडा होतो आणि एफ७वर घोड्याचा बळी दिल्यावर राजा ई६वर आल्यास हत्ती ई१वरून शह देत डावात उतरतो. काळ्याचा चिवट बचाव ६...उं-बी४+ हा आहे. ७. सी३ झाल्यावर उंट ई७वर परततो, म्हणजे फुकट एक खेळी गेली असे वाटते. प्रत्यक्षात सी३वर प्यादे बसल्यामुळे पांढऱ्याच्या घोड्याचे हक्काचे घर गेलेले असते आणि डी५वरचा तिसरा हल्लेखोर येऊ शकत नाही. बचाव करणाऱ्याने शत्रूच्या मोहऱ्याचे घर हिरावून घेण्याची ही युक्ती लक्षात ठेवावी.

इतके सगळे वाचल्यावर काळ्याने ५...घो×डी५ खेळूच नये असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते बरोबरही आहे. योग्य खेळी ५...घो-ए५ आहे. कडेला गेलेला घोडा दिसायला वाईट असतो, पण तो सी४च्या उंटाला हाकलतो, म्हणजेच एफ७वरच्या हल्ल्याचा एक खांब पाडतो. पांढऱ्याची मुख्य वाट अशी: ६. उं-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उं-ई२ एच६ ९. घो-एफ३ ई४ १०. घो-ई५ उं-डी६ ११. डी४ ई×डी३ १२. घो×डी३ व-सी७. अकराव्या खेळीत काळ्याने दोन घरे सरकलेले डी४चे प्यादे ‘आँ पासाँ’ नियमाने, जणू ते डी३वरच थांबले असावे असे, मारले आहे, हे मांडताना ध्यानात घ्यावे.

आता प्यादी मोजा. पांढऱ्याची सहा, काळ्याची पाच. मग बाहेर आलेली मोहरी मोजा. काळ्याचे दोन घोडे, उंट आणि वजीर कामाला लागले आहेत व किल्लेकोट पुढच्याच खेळीला होऊ शकतो. पांढऱ्याचा एक घोडा चार-पाच घरे फिरून डी३वर विसावला आहे, एक उंट ई२वर आहे, बाकी सैन्य घरातच. काळ्याने एक प्यादे देऊन तीन-चार खेळ्यांचा वेळ विकत घेतला आहे आणि पुढचा सारा डाव या व्यवहारावर चालतो. पांढऱ्याला वेळ भरून काढायचा असतो, तर काळ्याला तो संपण्याआधी काहीतरी ठोस मिळवायचे असते.

पांढऱ्याने येथे आंधळेपणाने किल्लेकोट करू नये. सी७चा वजीर आणि डी६चा उंट एकाच तिरक्या रेषेत एच२वर रोखलेले आहेत. राजाच्या बाजूला किल्लेकोट करून हत्ती एच१वरून हलला की एच२चे प्यादे राजाशिवाय कोणी राखत नाही आणि उंट ते शहासह मारून बाकी बरोबरीची करतो. म्हणून १३. बी३ किल्लेकोट १४. उं-बी२ असे आधी वजिराच्या बाजूचे सैन्य बाहेर काढणे चांगले. काळा १४...घो-ई४ आणि नंतर एफ५ करून जागा वाढवतो, तर पांढरा घो-सी३, एच३ अशा खेळ्यांनी श्वास घेतो आणि शक्य तेव्हा राजाला मोठ्या बाजूला नेतो. काळ्यासाठी दोन सूचना अत्यंत महत्त्वाच्या आहेत. वजिरांची अदलाबदल टाळावी, कारण हल्ला विझला की कमी असलेले प्यादे अंतिम डावात भारी पडते. आणि ए५चा घोडा तेथेच विसरू नये. बी७वरून किंवा सी५च्या मदतीने सी६वरून त्याला पुन्हा मध्याकडे वळवावे. या सुरुवातीत काळ्याचे जे डाव हरतात, त्यांतल्या बऱ्याच डावांत हा घोडा शेवटपर्यंत कडेलाच उभा असतो.

पांढऱ्याच्या आठव्या आणि नवव्या खेळीला फाटे आहेत. ८. व-एफ३ खेळल्यास सी६ जखडले जाते आणि काळ्याने घाईने सी×बी५ केले तर वजीर ए८चा हत्ती घेतो, म्हणून ८...ह-बी८ खेळून प्यादे देण्याची तयारी ठेवावी. अलीकडे ८. उं-डी३ बरेच खेळले जाते, कारण त्यामुळे ई४वर काळ्याचे प्यादे सहज पुढे येत नाही. नवव्या खेळीला घोडा एफ३ऐवजी एच३वर नेण्याची कल्पना स्टाइनिट्झची. १८९०-९१मध्ये चिगोरिनशी तारेवरून खेळलेल्या लढतीत त्याने ती वापरली आणि तो डाव हरला. १९६३मध्ये बॉबी फिशरने तीच खेळी बिसगायरविरुद्ध काढून डाव जिंकला. विश्वविजेत्यांच्या पातळीवर वाद न मिटलेली खेळी असली, तरी हौशी खेळाडूने आधी मुख्य वाट पक्की करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

६. उं-बी५+ ऐवजी ६. डी३ खेळून उंट सी४वरच ठेवणारेही भेटतात. त्यांना ६...एच६ ७. घो-एफ३ ई४ ८. व-ई२ घो×सी४ ९. डी×सी४ उं-सी५ असे उत्तर द्यावे. काळ्याकडे उंटांची जोडी आणि मोकळा विकास, असे दोन्ही येते.

आता ट्रॅक्सलर. कॅरेल ट्रॅक्सलर हा चेक धर्मगुरू होता आणि १८९०मध्ये त्याने खेळलेल्या डावावरून ४...उं-सी५ला त्याचे नाव मिळाले. काळा एफ७ राखतच नाही. तो स्वतः एफ२वर नेम धरतो. ५. घो×एफ७ उं×एफ२+ ६. रा×एफ२ घो×ई४+ नंतर पट असा पेटतो की घड्याळात दहा मिनिटे असलेल्या दोन्ही खेळाडूंना त्याचा हिशेब लागणे कठीण. ७. रा-जी१ व-एच४ ८. जी३ घो×जी३ ९. घो×एच८ घो-डी४ ही वाट अचूक खेळल्यास सहसा शहांच्या पुनरावृत्तीने बरोबरीत सुटते. पांढऱ्याने या वणव्यात उडी घेण्याचे कारण नाही. ५. उं×एफ७+ रा-ई७ ६. उं-बी३ खेळून एक प्यादे जास्त आणि काळ्याचा राजा मध्यात, इतका फायदा घेऊन शांतपणे पुढे जावे. एच८च्या हत्तीचा लोभ सोडणे एवढेच येथे पांढऱ्याला करायचे असते.

घरी देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेल्या खेळाडूंसाठी येथे एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. त्या खेळात प्यादे एकच घर चालते, किल्लेकोट नसतो आणि राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची चाल मिळते. त्यामुळे आजोबा-काकांकडून शिकलेली मुले राजा मध्यभागी ठेवूनही निश्चिंत असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्याच खेळीला दोन्ही बाजूंची प्यादी दोन-दोन घरे सरकू शकतात, उंट-वजिरांचे रस्ते लगेच उघडतात आणि मध्यात उभ्या राजाला ती एक घोडचाल वाचवायला येत नाही. अशा खेळाडूंनी या सुरुवातीचा सराव काळ्याच्या बाजूने जास्त करावा, कारण राजाच्या सुरक्षिततेची निकड त्यातून फार लवकर उमगते.

प्रत्यक्ष स्पर्धेत वेळेचे नियोजन कसे करावे? पहिल्या चार खेळ्या सवयीच्या असल्याने त्या लवकर होतात आणि त्याच वेगात पाचवीही होऊन जाते, हा मोठा धोका आहे. डी५वर प्याद्याची मारामारी झाली की काळ्याने हात मांडीखाली घ्यावा आणि निदान मिनिटभर थांबावे. हात लावलेले मोहरे खेळावेच लागते, त्यामुळे एफ६च्या घोड्याला बोट लागले की ए५चा घोडा कितीही आठवला तरी उपयोग नाही. अर्ध्या तासाच्या डावात पांढऱ्याने आठव्या खेळीला, म्हणजे बळी दिल्यानंतर शह संपतात तेथे, तीन-चार मिनिटे खर्च करायला हरकत नाही. तेथे घोडा सी३ ऐवजी घाईचा शह दिला तर दिलेले मोहरे वाया जाते. प्रतिस्पर्ध्याने अनोळखी खेळी केली, तर प्रथम त्याचे सर्व शह पाहावेत, मग मारण्याच्या सर्व खेळ्या, मग वजिरावरचे हल्ले आणि त्यानंतरच आपली योजना. धारदार डावात हा क्रम उलटा करणे परवडत नाही.

डाव संपल्यावर लिहिलेला कागद घेऊन प्रतिस्पर्ध्यासह बसावे. इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणक-प्रोग्रॅम, लगेच उघडू नये. आधी दोघांनी आपापल्या मनात कोणत्या खेळीला काय चालले होते ते सांगावे, कारण स्टॉकफिशसारखे इंजिन चूक दाखवते, पण ती का झाली हे त्याला कळत नाही. पुस्तकी वाट कोणत्या खेळीला सुटली तेथे खूण करावी. त्या खेळीनंतरचे तीन पर्याय स्वतः लिहून काढावेत आणि मग इंजिनाशी ताडून पाहावेत. लिचेस या संकेतस्थळावर प्रत्येक स्थितीत त्या-त्या रेटिंगच्या खेळाडूंनी कोणती खेळी किती वेळा खेळली, हे विनामूल्य पाहता येते. आपल्या गटातले प्रतिस्पर्धी पाचव्या खेळीला घोड्याने डी५ मारतात की घोडा ए५वर नेतात, ते तेथे तपासावे आणि पहिला आठवडा त्या एका फाट्यावरच घालवावा. जोडीदार मिळाला तर ५...घो-ए५ नंतरची बाराव्या खेळीची स्थिती पटावर मांडून दोन्ही रंगांनी आलटून पालटून पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव खेळावेत. पांढऱ्याकडून खेळताना एच२ कसे राखायचे आणि काळ्याकडून खेळताना ए५चा घोडा कोणत्या खेळीला परत आणायचा, हे प्रत्येक डावानंतर वहीत एका ओळीत नोंदवावे.